खेचराची डावी बाजू

मिसेस स्पूनर यांची खानावळ, वरचा मजला,
कायदाशाळेचं गाव, आयोवा.
एप्रिलातला शेवटचा रविवार, १८९३

आदरणीय ओरिन काका यांच्या सेवेशी,

तुमच्या कचेरीची माजी कारकून आणि तुमच्या मते शाळेत जाऊन वाया गेलेली पुतणी अल्मायरा हिचा सादर नमस्कार. माझी प्रकृती उत्तम आहे. थोडी जाडच झाले आहे, त्याचं सगळं श्रेय मिसेस स्पूनर यांच्या उकडलेल्या बटाट्यांना. तुमचा गुडघा कसा आहे? काळी कोंबडी अंड्यांवर बसली का? चर्चचं छप्पर दुरुस्त झालं, की रेव्हरंड गॅलप अजून छत्री उघडूनच प्रवचन देतात? आणि तुमचा चष्मा सापडला का? गेल्या शरदापासून तो हरवला आहे आणि त्यामुळे माझी पत्रं काकूला मोठ्यानं वाचून दाखवावी लागतात असं कळतं. हरकत नाही, काकूचा आवाज माझ्या अक्षरापेक्षा केव्हाही बरा. फक्त एक सोय करून ठेवते. या पत्रात जे कंसात असेल ते काकूसाठी आहे. मुरंबे, लोकरीचे मोजे असला मजकूर असणार, तो ऐकवून तुमचा वेळ कशाला घ्या? काकू, कंस आला की तू मनातल्या मनात वाच आणि मध्ये जरा खोकल्यासारखं कर.

(काकू, चष्मा त्यांच्या जाकिटाच्या खिशात आहे हे तुला ठाऊक आहे आणि मलाही. तो लावून काही दिसत नाही हे त्यांना ठाऊक आहे. तरी आपण तिघंही तो शोधत राहू, त्यांना बरं वाटतं.)

अक्षर काकूचं आणि तोरा तुमचा असं मागचं पत्र पोचलं. त्यात तुमचा हुकूम आहे की जूनमध्ये शाळा संपली की मी बाकीच्या मुलांबरोबर राजधानीत जाऊन ओळीत उभं राहून वकिलीची शपथ घ्यावी, तिथेच रेल्वेच्या वकिलांकडे नोकरी धरावी आणि वॉलनट फोर्डला परत यायच्या भानगडीत पडू नये. कारण गुडघ्यामुळे तुम्हाला कोर्टाचा जिना चढवत नाही, सबब तुम्ही कचेरी बंद करून स्वतःच्या हातानं पाटी उतरवणार आहात. काका, पाटी उतरवायला शिडीवर चढावं लागतं. ज्या गुडघ्याला जिना जमत नाही त्याला शिडी कशी जमते, असं मी मोठ्यांना विचारणार नाही. आमचे प्रोफेसर टटल मात्र नक्की विचारतील, आणि उत्तर मिळेपर्यंत तुम्हाला खाली बसू देणार नाहीत.

तुम्हाला कायदाशाळांचा राग आहे हे मला नवं नाही. तुमच्या तरुणपणी कायदा कचेरीत शिकायचे. तुम्ही म्हाताऱ्या पीबडी वकिलांची कचेरी झाडलीत, त्यांची शेगडी पेटवलीत, त्यांचे करारनामे हातानं उतरवून काढलेत आणि उरलेल्या वेळात कायद्याचे ते चार जाडजूड इंग्रजी खंड पाठ केलेत. मग एक दिवस जज्जसाहेब फिरत्या कोर्टासाठी घोड्यावरून गावात आले, त्यांच्याबरोबर तीन वकील होते, आणि त्या तिघांनी तुम्हाला सराईच्या मागच्या खोलीत बोलावून तळलेला मासा खाता खाता तुमची परीक्षा घेतली. तुम्ही ही गोष्ट सांगता तेव्हा दर वेळी मासा थोडा मोठा होतो, पण प्रश्न तोच राहतो: एखाद्या वेळी कायदा ठाऊकच नसला तर काय करशील? तुम्ही म्हणालात, “मग मी सावकाश बोलेन.” तिघं हसले, एकानं तेलकट हातानंच कागदावर सही केली आणि मासा संपायच्या आत तुम्ही वकील झालात. मलाही तुम्ही त्याच वळणावर घातलंत. सकाळी तुम्ही दाढी करायचात आणि मी आरशाशेजारी उभी राहून त्या खंडांतली पानं म्हणायचे. एखादा ‘किंवा’ गाळला की वस्तरा गालावरच थांबायचा, आणि मला तो आठवेपर्यंत तुम्ही अर्ध्या दाढीनं उभे. तेव्हा मी शाळेचं नाव काढलं त्या दिवशी तुम्ही जे म्हणालात त्याचं मला नवल वाटलं नाही. “कायद्याची शाळा? उद्या पाऊस पाडायचीही शाळा काढतील. पोरी, वकील कचेरीत तयार होतो. शाळेत तयार होतो तो त्याचा पोशाख.”

(काकू, तरी स्टेशनवर माझी पेटी त्यांनीच उचलली होती. गाडी सुटली तेव्हा ते भलत्याच डब्याकडे बघून हात हलवत राहिले. मला वाटलं, रडू लपवताहेत. गावभर कडक म्हणून मिरवणारा माणूस पुतणीसमोर कसा रडेल? आता वाटतं, त्यांना माझा डबा दिसतच नव्हता. तू तेव्हाच का नाही सांगितलंस?)

तर शाळा. इथे सध्या दोन पंथ आहेत आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही. जुन्या पंथाचे प्रमुख म्हणजे एक वृद्ध निवृत्त जज्ज. ते पिवळ्या पडलेल्या कागदांवरून व्याख्यान वाचतात आणि आम्ही ते जसंच्या तसं उतरवून घेतो. ही व्याख्यानं यादवी युद्धाच्या आधीपासून तीच आहेत. मागच्या मुलांच्या वह्या विकत मिळतात, त्यात व्याख्यान तर असतंच, शिवाय समासात ‘इथे विनोद’, ‘इथे पाणी पितात’ असंही लिहिलेलं असतं. माझ्या वहीत एका ठिकाणी ‘इथे शिंकतात’ असं होतं. मी हसले होते, पण त्या दिवशी ते खरंच शिंकले. तुम्हाला हे गृहस्थ आवडतील. निदान ते कायदा काय आहे ते सांगतात तरी.

नव्या पंथाचे प्रोफेसर टटल काहीच सांगत नाहीत. ते पूर्वेकडून नवी पद्धत शिकून आले आहेत. त्यांच्या पुस्तकात कायदा नाही, नुसती भांडणं आहेत. कोणाचं डुक्कर कोणाच्या शेतात शिरलं, मग काय झालं, मग वरच्या कोर्टानं काय म्हटलं. रात्री भांडण वाचायचं, सकाळी उभं राहून ते तोंडपाठ सांगायचं आणि मग प्रोफेसर विचारतात, “समजा डुक्कर काळं असतं तर?” तुम्ही म्हणालात फरक पडत नाही, तर विचारतात का नाही. फरक पडतो म्हणालात तर अधिकच वाईट. तासाच्या शेवटी ते टोपी उचलून निघून जातात आणि बरोबर काय ते कोणालाच कळत नाही. हा रोग संसर्गजन्य आहे. आमच्या खानावळीत निल्स लुंडीन नावाचा एक उंच स्वीडिश मुलगा आहे, त्याला कोणी पाव पुढे करायला सांगितलं की तो विचारतो, समजा पाव माझ्या ताब्यात आहे पण मालकीचा नाही, तर? (काकू, नाही. तू विचार करते आहेस तसं काही नाही. तो फार खातो.) शेवटी मिसेस स्पूनर यांनी जाहीर केलं की जेवणाच्या टेबलावर जो प्रश्न विचारेल त्याला गोड मिळणार नाही. पण मीठ मागणं हाही प्रश्नच, त्यामुळे आठवडाभर सगळे अळणी जेवले.

माझीही त्यातून सुटका नाही. मिसेस स्पूनर यांनी मला माझा पहिला खटला दिला. शेजारच्या टर्कीनं त्यांचे कोवळे वाटाणे खाल्ले होते, आणि टर्कीच्या मालकिणीला चार शब्द सुनावून यायचं काम माझ्याकडे होतं. मी ताठ मानेनं गेले आणि टटलसाहेबांच्या रीतीनं तिला प्रश्न विचारू लागले. कुंपण कोणाचं, फळी कोणी काढली, वाटाण्याचा वेल आधी कुठल्या बाजूला आला? तिनं प्रत्येकाचं प्रामाणिक उत्तर दिलं आणि निघताना माझी खात्री पटली होती की दोष मिसेस स्पूनर यांचाच आहे. तसं मी त्यांना येऊन सांगितलंही. तेव्हापासून कोंबडी शिजली की माझ्या ताटात मान येते. काका, तुम्ही माझ्या जागी असतात तर त्या बाईनं स्वतःहून टर्की भाजून पाठवली असती. मला प्रश्न विचारता येतो, पण समोरच्याचं मन वळवणं मला कोणी शिकवलेलं नाही. ते तुम्ही कचेरीत करताना मी बघत होते, आणि बघून बघून शिकेन असं मला वाटलं होतं.

आता खेचराचं प्रकरण. हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे. वर्गात मी एकटी बाई. माझी खुर्ची खिडकीशी, मुलांपासून जरा अंतरावर. इथे रीत अशी की कोणी चुकलं किंवा हास्यास्पद बोललं की सगळी मुलं लाकडी जमिनीवर पाय आपटतात. शंभर बुटांचा तो आवाज ऐकला की स्वतःचं नाव विसरायला होतं. त्या सोमवारी टटलसाहेबांनी मला उभं केलं. धडा होता न्यूयॉर्कमधल्या, एका डोळ्यानं आंधळ्या घोडीचा. मी तो चांगला वाचला होता, शपथेवर सांगते. पण ‘एका डोळ्यानं आंधळी’ हे शब्द तोंडातून बाहेर पडले मात्र, त्या घोडीला ढकलून तुमचंच खेचर वर्गात शिरलं. मी तुमच्या कचेरीत त्या खटल्याचे कागद इतक्यांदा उतरवले आहेत की ते माझ्या बोटांत बसले आहेत. माझ्या तोंडून क्रंप आला, गॅलप आले, गोठ्यातली भिंत आली. बूट सुरू झाले. धूळ उडाली. टटलसाहेबांनी हात वर केला.

“मिस वॉडली, आमच्या पुस्तकात घोडी आहे. हे खेचर कुठून आलं?”

“वॉलनट फोर्डच्या कोर्टातून, सर.”

बूट पुन्हा सुरू झाले, पण ते हात वर धरूनच राहिले. म्हणाले, “आता आलंच आहे तर पूर्ण येऊ द्या. सांगा.”

मग मी सांगितलं. तुम्हाला पाठ आहे, पण काकू त्या दिवसांत कोर्टात तुमचं जेवण पोचवायला येत होती, खटला ऐकायला नाही, म्हणून तिच्यासाठी पुन्हा. लेम्युएल क्रंपनं रेव्हरंड गॅलप यांना सेनेटर नावाचं खेचर विकलं. सेनेटरचा डावा डोळा गेलेला होता. क्रंपनं त्याला गोठ्यात फळ्यांच्या भिंतीला डावी बाजू चिकटवून उभं केलं. रेव्हरंडांनी उजवी बाजू पाहिली, दात पाहिले, खूर पाहिले, डोळ्याबद्दल विचारलं नाही. क्रंपही बोलला नाही. पहिल्याच डाव्या वळणावर सेनेटरनं गाडी, रेव्हरंड आणि प्रार्थनेची सगळी पुस्तकं ओढ्यात नेली. क्रंपच्या वकिलाचं म्हणणं असं की विकणाऱ्यानं आपला दोष ओरडून सांगावा असा कायदा नाही, घेणाऱ्याला डोळे आहेत, पाय आहेत, त्यानं खेचराभोवती एक फेरी मारायची होती. आणि काका, तुम्ही उठलात. मी तेव्हा गॅलरीत बसले होते, वेणी घालायच्या वयाची. तुम्ही म्हणालात, माणूस गप्प बसला तर बसू दे, गप्प बसायला बंदी नाही. पण ज्यानं जनावर भिंतीला लावून उभं केलं तो गप्प बसलेला नाही. त्यानं भिंतीकडून वदवून घेतलं की इकडे बघण्यासारखं काही नाही. आणि भिंत खोटं बोलली. भिंतीला कान असतात हे आमच्याकडे सगळे जाणून होते, तिला तोंडही असतं हे पहिल्यांदा ऐकलं. तेव्हाच्या जज्जांना मात्र ते पटलं नाही. असं कुठल्याही पुस्तकात नाही, म्हणाले. तुम्ही हरलात, आणि कितीतरी दिवस आपल्याच स्वयंपाकघरातल्या भिंतीकडे पाठ करून जेवलात.

मी थांबले. बुटांचा आवाज नाही. मग निल्स उठला आणि म्हणाला भिंत बोलते, दुसरा उठून म्हणाला बोलत नाही, आणि न्यूयॉर्कच्या घोडीकडे त्या आठवड्यात कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. काका, तुमच्या सेनेटरनं शाळेत दुफळी माजवली आहे. भिंतवाले आणि फेरीवाले. भिंतवाले जेवायला एका टेबलावर बसतात. फेरीवाले त्यांना बघून हातानं फेरी मारल्याची खूण करतात. वृद्ध जज्जसाहेबांपर्यंतही ते पोचलं आणि व्याख्यानाच्या मध्येच, कागदावर नसताना, ते म्हणाले की भिंतीच्या मुद्द्यात दम आहे. कोणाच्याच वहीत असं काही नव्हतं, त्यामुळे ते आधी कुणालाच खरं वाटेना.

शुक्रवारी टटलसाहेबांनी मला विचारलं की हा मुद्दा मांडणारे गृहस्थ कोण. माझे काका, मी म्हणाले. कुठल्या शाळेत शिकले? मी सांगितलं की ते शाळेत शिकले नाहीत, त्यांनी एका वकिलाची कचेरी झाडली. मला वाटलं आता बूट येतील. आले नाहीत. टटलसाहेब खिडकीपाशी गेले आणि म्हणाले, “मग आपण इथे काय करतो आहोत?” नेहमीप्रमाणे प्रश्नच, पण तो आम्हाला होता की स्वतःला हे कळेना, म्हणून कोणी हात वर केला नाही. मग ते वळले. “मिस वॉडली, तुमचे काका अजून कोर्टात उभे राहतात का?”

मी सावकाश बोलायला सुरुवात केली, काका. तुमचाच उपाय. इतकी सावकाश की मागच्या बाकावरचा एक मुलगा माझ्यासाठी पाणी आणायला उठला. आणि शेवटी मी म्हणाले, “हो, राहतात.”

(काकू, मी खोटं बोलले. तू ऑक्टोबरातलं लिहिलंस तेव्हापासून ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. काका कोर्टात आले, समोर कोट अडकवायच्या स्टँडवर जज्ज हॅस्कल यांचा तो रानरेड्याच्या कातड्याचा केसाळ कोट होता, आणि काकांनी त्याला वाकून अभिवादन केलं आणि “कोर्टाच्या परवानगीनं” म्हणून बोलायला लागले. तू लिहिलं आहेस की कोणी हसलं नाही. तेच वाईट झालं. कोणी हसलं असतं तर ते दुसऱ्याच दिवशी भांडायला परत गेले असते. कोणी हसलं नाही म्हणून त्यांना कळलं की सगळ्यांना कळलं आहे. तेव्हापासून गुडघा दुखतो.

आणि काकू, आता मला नीट बोलू दे, कारण हे मी आठवडाभर त्या वर्गात बसून शोधलं आहे. काका तेच करताहेत जे क्रंपनं केलं. डावी बाजू भिंतीला लावून उभे आहेत. गुडघा ही त्यांची भिंत आहे, आणि ती भिंत खोटं बोलते आहे. नुसतं गप्प बसले असते तर मी काही म्हटलं नसतं. फरक एवढाच की क्रंपनं खेचर खपावं म्हणून लपवलं, आणि आमचे काका आपल्याला आता कोणी घेऊ नये म्हणून लपवताहेत. त्यांना वाटतं की न दिसणारा वकील म्हणजे पुतणीच्या गळ्यातलं लोढणं. म्हणून मला रेल्वेकडे पाठवताहेत. काकू, मला रेल्वे नको. मी पुस्तक वाचू शकते, कागद लिहू शकते, टटलसाहेबांच्या समोर उभी राहू शकते. पण ज्युरीतल्या माणसाचा श्वास कधी बदलला हे मला ऐकू येत नाही, आणि काकांना ते डोळे मिटूनही ऐकू येतं. एकटी उभी राहिले तर मी त्या टर्कीच्या बाजूनंच बोलून येणार. शिवाय मला त्यांची आठवण येते. दाढीच्या साबणाचा वास आला की माझ्या तोंडात आपोआप खंडाचं पान येतं आणि मग रडू येतं. इथली मुलं फार दाढ्या करतात.)

पत्र लांबलं. काकूचा घसा कोरडा पडला असेल, विशेषतः इतक्या वेळा खोकावं लागल्यावर. चर्चमधल्या सगळ्यांना आठवणीनं नमस्कार सांगा. सेनेटर जिवंत असेल तर त्याच्याही कानावर घाला की विद्वान लोक त्याचं नाव घेतात. गुडघ्याला गरम तेल चोळा, निदान काकूचं समाधान होईल.

तुमची आज्ञेतली, बहुतेक बाबतींत,
अल्मायरा

ता. क. सफरचंदाचा मुरंबा संपला. एक मोठी बरणी पाठवावी. निल्सनं अर्धी खाल्ली. (काकू, म्हटलं ना, नाही.)

ता. क. दुसरा. काका, काकूनं आयुष्यात कधी काही गाळून वाचलं आहे का? बियाण्यांचा कॅटलॉग आला की ती मागच्या पानावरचं छापखान्याचं नावसुद्धा त्याच सुरात वाचते. औषधाच्या बाटलीवरचं ‘बाहेरून लावण्यासाठी’ ती बाटली रिकामी होईपर्यंत रोज वाचते. म्हणजे कंसातला प्रत्येक शब्द तुम्ही ऐकला आहे, आणि मी लिहायला बसले तेव्हाच मला ते ठाऊक होतं. तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही पहिल्या वाक्याला हरकत घेतली असती. दुसऱ्याला सांगितलेलं मात्र तुम्ही नेहमी शेवटपर्यंत ऐकता. काकू, तू मला माफ कर, आणि उगाच खोकलीस त्याबद्दलही माफ कर.

ता. क. तिसरा, आणि पत्र याच्यासाठीच आहे. मी राजधानीत ओळीत उभी राहणार नाही. शपथ आपल्या कोर्टातही घेता येते, फक्त तिथल्या एका वकिलानं उठून या व्यक्तीला मी ओळखतो, हिचं चारित्र्य मला ठाऊक आहे, हिला वकील करून घ्या, एवढं म्हणावं लागतं. वाचायला काही नाही. कागद लागत नाही. ते तुम्ही म्हणायचं आहे. जज्ज हॅस्कल दर वर्षीप्रमाणे गुरुवारी आमच्या शाळेत बोलायला आले होते, मी त्यांना जिन्यात गाठलं आणि बाईला शपथ देणार का म्हणून विचारलं. ते म्हणाले, ओरिन वॉडली उठून सांगणार असतील तर खांबालाही देईन. मग त्यांचा चेहरा उतरला, कारण खांब म्हटल्यावर त्यांना कोटांचं ते स्टँड आठवलं होतं. आणि मग त्यांनी मला ते सांगितलं जे तुम्हाला कोणीच सांगितलेलं नाही. ऑक्टोबरात तुम्ही त्या कोटासमोर वाकलात तेव्हा जज्जसाहेब खुर्चीतून उठले आणि त्यांनी तुम्हाला वाकून उत्तर दिलं. ते उठले म्हणून सगळं कोर्ट उठलं, ज्युरी, क्लार्क, तुमच्या विरुद्ध पक्षाचा वकील, सगळे, खुर्ची न वाजवता. तुम्हाला वाटलं लोक तुमची कीव करून गप्प राहिले. ते गप्प नव्हते, काका. ते उभे होते. तुम्ही बघितलं नाहीत.

जूनचा दुसरा सोमवार. कोटांचं स्टँड आता बाहेर पडवीत गेलं आहे, आणि आख्खं वकीलमंडळ पाऊस पडला की आपापले कोट बाहेर ठेवून कुरकुरत आत येतं. आत गेल्यावर समोर जे दिसेल ते जज्जच. तुमच्या डाव्या बाजूला मी उभी राहीन. काकू, आता पत्र खाली ठेव, आणि त्यांना विचार की गुडघा कसा आहे.